मधल्या पुलावर थांबवलेली गाडी

चांद्याच्या जंगलात रेल्वेची नोकरी केली असं सांगितलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वाघ दिसला का? दिसला. पुष्कळदा दिसला. एकदा तर रुळांच्या मधोमध बसला होता. मी हातोडी रुळावर आपटत उभी राहिले, तेव्हा तो इतक्या सावकाश उठला की ड्युटी त्याची आणि उशिरा आलेली मी, असं मलाच वाटलं. पण वाघ बसला की कुठे बसला आहे ते दिसतं, उठला की कुठे गेला ते पानं सांगतात. मला सबंध नोकरीत ज्याने स्वस्थ बसू दिलं नाही तो वाघ नव्हे, कोसमनाला.

अजूनही बसू देत नाही. आता मी ऊर्जानगरला मुलाच्या क्वार्टरमध्ये असते. तो वीजकेंद्रात कामाला आहे. पाऊस लागला की मी या खिडकीतून त्या खिडकीत जाते, मग चप्पल घालून खाली, मग पुन्हा वर. मुलगा वैतागतो. "आई, बस ना वं एका जागी! इथी कोणता नाला येऊन राह्यला तुह्या क्वार्टरात?" सून हसते आणि चहा ठेवते. मी बसते, पण कान बाहेरच असतो. पाऊस कमी झाला की माणसाला हायसं वाटतं. मी तेव्हाच पुन्हा चप्पल शोधायला लागते. याचं कारण सांगायचं तर आधी थोडं काम समजावून सांगावं लागेल.

नोकरी मला मिळाली ती नवरा गेल्यामुळे. तो गँगमध्ये, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत होता, तापाने गेला, आणि त्याची जागा मला दिली. पहिल्या दिवशी मुकादमाने मला चहाची किटली दाखवली. मी म्हटलं, भाऊ, चहा मी घरी करते, इथे मला घमेलं द्या. त्याने दिलं, आणि संध्याकाळपर्यंत खडी भरायला लावली. रात्री हात वर उचलवत नव्हता. पण किटलीकडे पुन्हा कोणी बोट दाखवलं नाही.

पुढे मी चावीवाली झाले. चावीवाली म्हणजे कुलुपाची नव्हे. रूळ जागेवर धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाडीच्या हादऱ्याने सैल होतात, कधी निसटून खडीत पडतात. रोज सकाळी आपला नेमून दिलेला पट्टा पायी चालायचा, सैल झालेली चावी ठोकायची, नसलेली बसवायची, रुळाला कुठे तडा आहे का ते पाहायचं. एका खांद्यावर हातोडी, दुसऱ्या खांद्यावर पाना, पिशवीत लाल झेंडा, फटाके आणि भाकर. हे फटाके दिवाळीचे नसतात. पुढे धोका असला तर रुळावर बांधायचे, चाकाखाली फुटतात आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. पावसाळ्यात आमच्यातल्याच काहींना पुलावर बसवत. पत्र्याची झोपडी, एक वॉकीटॉकी, आणि पुलाच्या खांबावर रंगवलेला लाल पट्टा. पाणी पट्ट्याच्या खाली तर गाडी जाऊ द्यायची, पट्ट्याला टेकलं की थांबवायची. नियम इतका सोपा की माणसाची गरजच काय, असं कोणालाही वाटावं.

माझ्या वाट्याला कोसमनाला आला. कोसमटोक नावाची पहाडी आहे, तिच्या पोटातून तो निघतो. उन्हाळ्यात त्यात ताट धुवायला पाणी मिळत नाही. पावसाळ्यात मात्र खाली लख्ख ऊन असताना, गुरं पात्रात चरत असताना, तो येतो. आमच्याकडे "पूर आला" म्हणत नाहीत, "नाला आला" म्हणतात, पाहुणा यावा तसा. रेल्वेची लाइन पहाडीच्या पायथ्याने वळत जाते आणि नाला पण तिथेच वळणं घेतो, त्यामुळे लाइन त्याला तीनदा ओलांडते. तिन्ही पुलांना कागदावर नंबर आहेत, पण गँगमध्ये त्यांना आम्ही एका घरातल्या जावा म्हणायचो. सगळ्यात वरची थोरली, छोट्या गाडीच्या काळातली, दगडी कमानींची, अरुंद आणि हट्टी. तिच्या खाली मधली, लोखंडी गर्डरची, ती माझी. त्याच्या खाली धाकटी, सगळ्यांत लांबरुंद. गाडी धाकटीवरून जाताना असा आवाज व्हायचा की सगळ्या घराचं काम तीच करते आहे.

पुलावर बसलेल्या माणसाकडे गिऱ्हाइकं कमी नसतात. एका वर्षी रस्ता बंद म्हणून लग्नाचं अख्खं वऱ्हाड लोखंडी आलमारी घेऊन मधलीवर चढलं. मी इकडून ओरडते आहे, आणि ते तिकडून "झालंच बाई, झालंच" म्हणत पुढे येत आहेत. आलमारी मधोमध अडकली. गाडीची वेळ झालेली. मी झेंडा घेऊन पळाले, गाडी थांबवली. ड्रायव्हर शिव्या देत उतरला आणि शेवटी तोच आलमारीचं एक टोक धरून मागे चालला. नवरी पुढे होऊन त्याला सांगत होती, "भाऊ, आरसा फुटला नाई पाह्यजे." आरसा फुटला नाही. गाडी उशिरा गेली आणि त्याचा जबाब मला द्यावा लागला.

दुसरं गिऱ्हाईक कायमचं होतं. सुकरूभाऊ मासे धरायचा, आणि त्याला जाळीची बांबूची ताटी बांधायला सगळ्या नाल्यात माझ्या पुलाचे खांबच सापडायचे. दर पावसाळ्यात आमचं भांडण. मी म्हणायचे, तुझ्या ताटीला पालापाचोळा अडकतो, पाणी तुंबतं, मग बाजूने जोरात घुसतं आणि खांबाच्या पायाखालची रेती काढून नेतं. तो म्हणायचा, "मी तुह्या पुलाचे पाय धुऊन देऊन राह्यलो अन् तू मलेच बोंबलते काऊन?" मग मला दोन मासे द्यायचा. मी ताटी सोडवून टाकायचे आणि मासे ठेवून घ्यायचे.

लोकांना वाटतं पूल वरून मोडतो, गाडीच्या वजनाने. वजनाचं पुलाला काही वाटत नाही, त्याच्यासाठीच तो जन्मला. पूल मोडतो खालून. पाणी पायाशी भोवरा करतं, रेती उपसतं, आणि वरून सगळं जिथल्या तिथे दिसतं. म्हणून पूल पाहायला आलेले साहेब लोक सुद्धा, जे चांगले असत ते, आधी वाकून खाली बघत. आमचे रामटेके साहेब त्यातले. दोरीला वजन बांधून स्वतः पाण्यात सोडायचे आणि किती खोल गेलं ते बोटांवर मोजायचे.

आता ती गोष्ट.

दसरा जवळ आला होता. धान निसवून लोंब्या आलेल्या, आणि पाऊस आता संपला असं सगळ्यांनी धरलेलं. बांबूच्या ठेकेदाराने उन्हाळ्यात तोडलेला माल थोरलीच्या वर नाल्याच्या काठावरच रचून ठेवला होता. गाड्या लागल्या की नेऊ म्हणून. ते ढीग मी कितीदा तरी पाहिले होते. सगळ्यांनीच पाहिले होते.

त्या दिवशी सकाळपासून पहाडी दिसतच नव्हती. खाली आमच्याकडे नुसती भुरभुर, वर काळंकुट्ट. दुपारी वडशाकडून येणारी पॅसेंजर थोरलीवरून सुखरूप निघाली, थोरली आणि मधलीच्या मधे छोटा थांबा होता त्या हॉल्टवर आली, आणि तेवढ्यात माझ्या पुलाचं पाणी लाल पट्ट्याला टेकलं. मी फटाके बांधले, झेंडा आडवा केला आणि गाडी पुलाच्या तोंडाशी थांबवली. धाकटीवरचा चौकीदारही लाल झेंडा घेऊन उभा होता. गाडी मधे अडकली. हॉल्टवरून गावाला जाणारा रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका फरशीपूल, सकाळीच बुडाला होता, त्यामुळे उतरून जायला वाट नव्हती. यात नवल काही नव्हतं. दर पावसाळ्यात असं व्हायचं. लोक डबे उघडायचे, पत्ते काढायचे.

या गाडीत सविता होती. मला तेव्हा तिचं नाव माहीत नव्हतं. पहिलटकरीण, आईकडे बाळंतपणाला आलेली. दिवस भरायच्या आतच कळा सुरू झाल्या, आणि तिकडच्या डॉक्टरने सांगितलं होतं की मूल आडवं आहे, चांद्याला मोठ्या दवाखान्यात न्या, इथे होणार नाही. म्हणून तिची आई पार्बताबाई तिला घेऊन निघाली होती. गार्डसाहेब माझ्याकडे चालत आले आणि हे सांगून गेले. मी म्हटलं, पाणी पट्ट्याखाली गेलं की एक क्षण थांबवणार नाही. मनापासून म्हटलं. मी पट्ट्याकडे बघत उभी राहिले आणि मनातल्या मनात पाण्याला खाली ढकलत होते.

आणि पाणी उतरलं. हळूहळू नाही, भराभर. बघता बघता पट्टा उघडा पडला, मग त्याच्या खालचा ओला दगड दिसायला लागला. गाडीतून लोक ओरडले, टाळ्या वाजल्या. धाकटीवरून वॉकीटॉकीवर निरोप आला: पाणी उतरलं, मी मोकळा, गाडी घ्या. ड्रायव्हरने इंजिनातून हात हलवला. मी झेंडा काढायला गेले सुद्धा. दोरीची गाठ अर्धी सोडली.

मग मी पहाडीकडे पाहिलं. पहाडी अजून तशीच काळी होती. वर पाऊस कोसळतच होता. मग पाणी कुठे जातं आहे?

सुकरूभाऊची ताटी माझ्या डोळ्यांपुढे आली. ताटी तुंबली की वर पाणी फुगतं आणि खाली पात्र रिकामं होतं. थोरलीच्या कमानी अरुंद, आणि तिच्या वर बांबूचे ढीग. मी वॉकीटॉकीवर थोरलीच्या चौकीदाराला, तुळशीरामला, हाका मारल्या. उत्तर नाही. पुन्हा मारल्या. नुसती खरखर. मी सोडलेली गाठ पुन्हा बांधली.

खरं सांगते, मला काही दिसलं नव्हतं. पाणी उतरलं एवढंच दिसत होतं, आणि नियम गाडी जाऊ द्या म्हणत होता.

ड्रायव्हर उतरून आला. चांगला माणूस होता, आवाज चढवला नाही. "बाई, पट्टा उघडा आहे. मी पायी चालल्यासारखी गाडी काढतो. इथून चांगली दिसतेय लाइन." मी त्याला कमानींचं सांगितलं. तो म्हणाला, "असं झालंच असेल कशावरून?" मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "मग?" मी गाठ आणखी आवळली.

रामटेके साहेबांशी वॉकीटॉकीवर बोलणं झालं. ते पलीकडच्या स्टेशनवर अडकले होते, येऊ शकत नव्हते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमच्या डोळ्यांनी मला दिसत नाही. तुम्ही जाऊ द्या म्हणाल तर जाऊ द्या. थांबवा म्हणाल तर मी तुमच्या पाठीशी आहे." हे बोलणं खरं होतं आणि चांगलं होतं. पण त्या क्षणी मला त्यांचा राग आला. कोणीतरी मला हुकूम द्यायला हवा होता.

गार्डसाहेब म्हणाले, मी मागे थोरलीपर्यंत चालत जाऊन बघून येतो. निघाले. वळणामागे दिसेनासे झाले. मी पुलाच्या या टोकाला उभी. माणसं डब्यांतून उतरून खडीवर जमा झाली. कोणी समजावलं, कोणी हसलं, एकाने मोठ्याने म्हटलं की बाईमाणसाला पुलावर बसवल्यावर असंच होणार. ते मला लागलं नाही, ते रोजचंच होतं. मग पार्बताबाई आली.

खडीवरून अनवाणी आली. तिने माझा हात धरला नाही की पाया पडली नाही. माझ्यासमोर उभी राहिली. "पाणी नाई ना आता? मंग काऊन थांबवून ठेवलं?"

मी सांगायला लागले. तिने मधेच तोडलं. "मले तुह्या कमानी नको सांगू. माही पोरगी तिथी मरून राह्यली. तुले लेकरं आहेत का नाई?"

"आहेत."

"मंग?"

"मावशी, याच गाडीत बाकीच्यांची पण लेकरं आहेत."

"त्याईले काई होऊन राह्यलं नाई. माह्या पोरीले होऊन राह्यलं." तिने पुलाकडे हात केला. "मंग आमी तिले उचलून नेतो. चार माणसं दे मले."

रुळांखालचे उघडे आडवे स्लीपर, मधे पोकळी, पलीकडे धाकटीपर्यंत नुसतं जंगल. मी नाही म्हटलं. तिने मला शिव्या दिल्या. त्या मी इथे लिहीत नाही, पण त्यात एकही खोटी वाटली नाही. ती मागे वळली आणि डब्याकडे पळत गेली. मी झेंड्याच्या दोरीवर हात ठेवून उभी होते. सोडू की नको, सोडू की नको. माझी बोटं गाठीवरच होती. मी किती वेळा ती गाठ चाचपली असेल, देव नाही तर बाबासाहेब जाणोत.

डब्यात अंगणवाडीची एक बाई निघाली, ती आत गेली. बायकांनी लुगडी धरून आडोसा केला. पुरुष लांब जाऊन उभे राहिले. पुलाच्या तोंडाशी मला सवितेचा आवाज ऐकू येत होता. मग तो थांबला. मी वाट पाहिली की आता दुसरा, बारीक आवाज येईल. मी कान तिकडे लावून उभी होते आणि डोळे नाल्यात. तो आवाज आला नाही. एक बाई डब्यातून उतरली, खडीवर बसली आणि तोंडात पदर धरला. तेव्हा मला कळलं.

गार्डसाहेब परत आले ते त्यानंतर. धापा टाकत, गुडघ्यापर्यंत चिखल. "बांबूच बांबू. कमानी गच्च. पलीकडून पाणी रुळाला टेकलं आहे. तुळशीराम वॉकीटॉकी पाण्यात गमावून लाल झेंडा घेऊन उभा आहे." माझ्याकडे कोणी पाहिलं नाही, पुलाकडेही नाही. ड्रायव्हर इंजिनात जाऊन बसला.

दिवेलागणीला थोरलीने तोंड उघडलं. आधी आवाज आला, पहाडी खाली येते आहे असा. मग बांबूंचा तो लोंढा, पाण्याआधी बांबूच, माझ्या खांबांवर येऊन आदळला. पूल थरथरला. ते थरथरणं माझ्या तळपायाला जाणवलं. पाणी गर्डरला लागलं, वरून उसळलं. मी मागे सरकले. आणि मग ते निघून गेलं. मधली तिथेच उभी होती.

नीट समजा. लोंढा आला. मी म्हटलं होतं तसा आला. पण पाणी उतरल्यापासून लोंढा येईपर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढ्यात ती गाडी पूल ओलांडून, धाकटी ओलांडून चांद्याला पोहोचली असती. सविता दवाखान्यात असती. आणि बांबू पुलावर आपटले असते तेव्हा पुलावर कोणीच नसतं.

पाणी खरोखर उतरल्यावर, खांबांचे पाय तपासून, गाडी काढली. सविता वाचली. मूल मुलगा होता, असं नंतर कळलं.

मला शाबासकी मिळाली. साहेबांच्या साहेबांनी शाल दिली, नारळ दिला, हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. अशाच टाळ्या त्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा गाडीतून वाजल्या होत्या. नारळ घरी आणून फोडला नाही, तुळशीरामला देऊन टाकला. पुढे एकदा तो ड्रायव्हर भेटला, त्याने जे म्हटलं तेच मला सगळ्यांत सरळ वाटलं. म्हणाला, "बाई, मी तेव्हाच निघालो असतो तर निघून गेलो असतो. पण हे आज माहीत आहे. त्या दिवशी तुम्हाला माहीत नव्हतं आणि मलाही." तो एवढं बोलला आणि चहाचे पैसे देऊन गेला.

पार्बताबाई त्या लाइनीने येत-जात राहिली. तिची गाडी मधलीवरून जाताना ती खिडकीत असायची. आधी पुलाकडे बघायची, मग माझ्याकडे. त्या नजरेचा अर्थ मला कोणी सांगायला नको होता: पूल तर उभा आहे.

आणि आता जे लिहिते ते रेल्वेच्या माणसाने लिहू नये. त्यानंतर कित्येक पावसाळे मी त्या पुलाच्या चाव्या ठोकल्या, त्याचे बोल्ट आवळले, पायाशी दगड टाकताना उन्हात उभी राहिले, आणि मोठं पाणी आलं की मनाच्या तळातून वाटायचं, पड. एकदा पड. रिकामा पड, कोणी नसताना पड, पण पड. म्हणजे त्या दिवशी तू पडू शकला असतास हे तरी सिद्ध होईल. ज्याला सांभाळायचा पगार घेतला त्याचंच वाईट चिंतलं. तो पडला नाही.

मी निवृत्त व्हायच्या सुमारास दुहेरी लाइनचं काम निघालं. नवा मोठा पूल झाला आणि जुनी मधली खोलायला घेतली. रामटेके साहेबांचा फोन आला. तेही आता मोठ्या जागेवर गेले होते. "बाई, पाया उघडा केला आहे. तुम्हाला बघायचा असेल तर या." मी गेले. खाली उतरले. खांब काळ्या खडकात गाडलेला होता, खडक आणि दगड वेगळे ओळखू येणार नाहीत असा. इतकी वर्षं नाल्याने त्याचं काही वाकडं केलं नव्हतं. साहेब माझ्याशेजारी उभे होते. म्हणाले, "त्या दिवशी हे आपल्याला दिसत नव्हतं." मी म्हटलं, हो साहेब.

हे लिहायला बसले तेव्हा वाटलं, ज्या बाईचं हे आहे तिला न विचारता लिहिणं बरं नाही. पार्बताबाई दोन वर्षांपूर्वी वारल्याचं कळलं होतं. सवितेचं सासर शोधत गेले. श्रावणातला दिवस, पावसाची उघडीप होती. ती ओसरीत सुपात तांदूळ पाखडत बसली होती. मला पाहिलं आणि ओळखलं. "तुमी मधल्या पुलावरच्या बाई." बसायला चटई दिली. पाणी दिलं.

मी तिला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिहा. खोटं नका लिहू." मग मी तिला जे सांगायला गेले होते ते सांगितलं. पाया खडकात होता. पूल पडला नसता. त्या दिवशी गाडी जाऊ दिली असती तर गाडी गेली असती.

ती पाखडत राहिली. तूस उडत होतं. मला वाटलं उठावं.

"आईनं मरेपर्यंत तुमाले शिव्या देल्ल्या," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"मी बी देल्ल्या." तिने सूप खाली ठेवलं, तांदळातले खडे निवडायला लागली. "त्याच्यानंतर मले पोरगी झाली. आता चांद्याले कालेजात जाते. रोज त्याच गाडीनं."

मी म्हटलं, चांगलं आहे, शिकू दे.

"पुलावर आता कोण रायते?"

"कोणी नाही. नव्या पुलाला यंत्र लावलं आहे. पाणी खुणेवर चढलं की ते आपोआप वर खबर देतं. मग गाडी थांबवतात."

"अन् पाणी उतरलं तर?"

"तर जाऊ द्या म्हणतं."

तिची बोटं तांदळात थांबली. ती उठली आणि अंगणात गेली. मी मागोमाग गेले. तिच्या अंगणातून कोसमटोक दिसतं. इकडे ऊन पडलं होतं. तिकडे पहाडीच्या माथ्यावर काळं जमून आलं होतं. आम्ही दोघी तिकडे बघत उभ्या राहिलो. मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली,

"तुमी रिटायर कायले झाल्या वं बाई?"